खातं कुठलं, डिस्क कुठली, कार्ड कुठलं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत बरीचशी पत्रं एकाच तक्रारीभोवती फिरतात: तोच गेम, पण भाव देशागणिक वेगळा आणि दुकानागणिकही वेगळा. खाली दिलेल्या किमती ज्या त्या वेळच्या आहेत. तुम्ही हे वाचाल तोवर काही हललेल्या असतील, हिशेबाची पद्धत मात्र तीच राहील.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जो गेम अमेरिकेत ६० डॉलरला आहे तो आपल्याकडे तीन हजारांच्या आसपास दिसतो. पण सोनीच्या प्लेस्टेशनवर बघावं तर जवळजवळ डॉलरचाच भाव. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही, असं का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, शाहूपुरी

मार्केट यार्डातली गुळाची ढेप गुजरातला गेली की भाडं, हमाली, दलाली चढत जाते आणि भाव का वाढला ते कुणालाही कळतं. गेमच्या फाइलला हमाली नाही. कोल्हापुरात उतरवा नाहीतर कॅलिफोर्नियात, एक प्रत जास्त विकायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यामुळे इथं भाव ठरतो तो त्या देशातलं गिऱ्हाईक किती देईल यावर. भाव ठरवणारी स्टीम नव्हे, प्रकाशक, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ मध्ये रुपयांतल्या किमती आल्या, त्याआधी आपणही डॉलरमध्येच मोजत होतो. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह प्रकाशकांना एक तक्ता देते: डॉलरमध्ये एवढी किंमत असेल तर रुपयांत एवढी, येनमध्ये एवढी. हा तक्ता ऑक्टोबर २०२२ मध्ये बराच सुधारला गेला. पण तो नुसता सल्ला आहे. काही जण जसाच्या तसा स्वीकारतात, काही जण बाजूला ठेवून डॉलरला सरळ विनिमय दरानं गुणतात. तुम्हाला दिसणारी तफावत इथूनच येते.

एक किंमत उलगडून बघू. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये पीसीवर आला तेव्हा अमेरिकेत ५९.९९ डॉलर आणि भारतात २,९९९ रुपये. तेव्हाच्या दरानं ५९.९९ डॉलर म्हणजे साधारण ४,४०० रुपये. वरवर बघता दीड हजारानं स्वस्त, पण खरं अंतर त्याहून मोठं आहे. अमेरिकेतली किंमत विक्रीकर सोडून लिहिलेली असते, आपल्याकडची १८ टक्के जीएसटी धरून. २,९९९ मधून कर काढला की उरतात सुमारे २,५४१. त्यातून स्टीमचा नेहमीचा ३० टक्के वाटा गेला की प्रकाशकाच्या हातात १,७८० च्या आत-बाहेर. खप मोठा झाला की स्टीमचा वाटा २५ आणि पुढे २० टक्क्यांवर येतो, पण तो टप्पा कोटी डॉलरच्या विक्रीनंतरचा.

याउलट डीमन्स सोल्स हा गेम पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर अमेरिकेत ६९.९९ डॉलर आणि भारतात ४,९९९ रुपये होता. २०२१ च्या सुरुवातीच्या दरानं ६९.९९ डॉलर म्हणजे ५,१०० च्या जरा वर. कर वजा केला तर इथंही थोडी सूट आहे, पण नावालाच. आमच्या मते कारण सरळ आहे. पन्नास हजारांचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, घेतलेला माणूस पाच हजार देईल असं कंपनी धरून चालते, जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या पोराबद्दल तसं धरता येत नाही.

स्टीमडीबी या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की प्रत्येक देशातली किंमत आणि आजवरची सगळ्यात कमी किंमत दिसते. सेलमध्ये ‘७० टक्के सूट’ बघून बोटं शिवशिवली तरी आधी तिथला रुपयांचा आलेख बघा. सेलच्या आधी मूळ किंमतच वर सरकवलेली असेल तर ती त्या आलेखात उघडी पडते.

एका ग्रुपवर ‘तुर्की अकाउंट’ मिळतं. पाच हजारांचा पीएस५ गेम पंधराशेत. मित्राचा तीन महिने चालला, आता कुलूप दिसतंय. पैसे देऊ का नको?
— वाचक, इचलकरंजी

नको. मित्राच्या गेमला कुलूप का लागलं ते समजून घ्या, म्हणजे मोह आपोआप उतरेल.

विकणारा स्वस्त देशातलं खातं उघडून गेम एकदाच विकत घेतो. पीएस५ वर ‘कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले’ ही सोय एका खात्याला एका वेळी एकाच कन्सोलवर चालू करता येते. ती चालू असली की त्या कन्सोलवरची बाकीची खातीही तो गेम खेळू शकतात. विकणारा ही सोय तुमच्या मित्राच्या कन्सोलवर चालू करून देतो, त्याचे पैसे घेतो आणि त्याच खात्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला ‘सेकंडरी’ म्हणून विकतो. खात्याचा ईमेल मात्र शेवटपर्यंत विकणाऱ्याकडेच. उद्या त्यानं वेबवरून सगळी उपकरणं बंद केली, किंवा दुसऱ्यानं आपल्या कन्सोलवर शेअरिंग चालू केलं, की मित्राच्या गेमवर कुलूप. सोनीकडे दाद मागावी तर खातं तुमच्या नावावर नाही आणि खरेदीची पावतीही नाही.

स्टीमवर तर ही वाट आता उरलेलीच नाही म्हटलं तरी चालेल. लोक अर्जेंटिना आणि तुर्कीची खाती काढत होते, कारण तिथलं चलन घसरत होतं आणि गेमच्या किमती जुन्याच होत्या. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमनं त्या दोन्ही देशांत पेसो आणि लिरा बंद करून डॉलरमध्ये किमती लावल्या. स्टीमवर देश बदलायचा तर नव्या देशातल्याच कार्डानं खरेदी पूर्ण करावी लागते आणि एकदा बदलला की तीन महिने पुन्हा बदलता येत नाही. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून दुकानाला फसवणं करारात स्पष्ट मना आहे. सापडलात तर अडकतं ते सगळं खातं, त्यातल्या दहा वर्षांच्या गेमसकट.

अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यानं एल्डन रिंगची पीएस५ डिस्क आणली. गेम मस्त चालतो. पण भारतीय खात्यावरून त्याचं शॅडो ऑफ द अर्डट्री हे डीएलसी (मूळ गेमला जोडायचा विकतचा भाग) घेतलं तर ते दिसतच नाही. डिस्क खराब आहे का?
— वाचक, कसबा बावडा

डिस्कला काही झालेलं नाही. डिस्क अमेरिकेची आणि डीएलसी भारताची, त्या दोघांची गाठ पडत नाही.

पीएस४ आणि पीएस५ च्या गेमला विभागाचं कुलूप नसतं, म्हणून डिस्क कुठलीही चालते आणि दुकानदारही छातीठोकपणे ‘रीजन फ्री आहे’ म्हणून देतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. डीएलसी, सीझन पास, गेममधली नाणी आणि पीएस४ डिस्कवरून पीएस५ चं अपग्रेड, हे सगळं गेमच्या त्या विभागातल्या क्रमांकाशी बांधलेलं असतं. अमेरिकी डिस्कचा क्रमांक वेगळा, युरोपीचा वेगळा, आशियाईचा आणखी वेगळा.

घेण्याआधी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. डब्याच्या कण्यावर आणि डिस्कवर बारीक अक्षरांत क्रमांक असतो: पीएस४ ला ‘सीयूएसए’ आणि पाच आकडे, पीएस५ ला ‘पीपीएसए’ आणि पाच आकडे. आता फोनच्या ब्राउझरमध्ये भारताच्या प्लेस्टेशन स्टोअरवर त्याच डीएलसीचं पान उघडा आणि वरचा पत्ता वाचा. ‘प्रॉडक्ट’ या शब्दानंतर आधी दोन अक्षरं येतात. ‘ईपी’ म्हणजे युरोप, आणि भारताचं स्टोअर याच घरातलं. ‘यूपी’ म्हणजे अमेरिका, ‘जेपी’ जपान, ‘एचपी’ आशिया. त्या अक्षरांपुढे चार आकडे, मग एक आडवी रेघ आणि रेघेनंतर तोच सीयूएसए किंवा पीपीएसए क्रमांक. डिस्कवरच्या क्रमांकाशी तो जुळला तर बिनघोर घ्या. न जुळल्यास थांबा.

दुकानात उभ्याउभ्या ओळखायची ढोबळ खूण म्हणजे पुढच्या बाजूचा वयोगटाचा शिक्का. ‘ईएसआरबी’ असेल तर उत्तर अमेरिका, ‘पेगी’ असेल तर युरोपी माल, ‘सेरो’ म्हणजे जपान आणि ‘यूएसके’ म्हणजे जर्मनी. ही खूण झटपट नजर टाकण्यापुरती, शेवटी क्रमांकच बघायचा. आपल्या बाजारात आशियाई डिस्काही फिरतात. एकाच फळीवर दोन्ही विभागांचा माल मांडलेला असू शकतो आणि भावात शंभर-दोनशेचाच फरक असतो, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही.

तुमच्यापुढे आता दोन वाटा आहेत. घेतलेलं डीएलसी अजून डाउनलोड केलं नसेल तर १४ दिवसांच्या आत परतावा मागा. प्लेस्टेशनचा नियम तसाच आहे, डाउनलोड सुरू केलंत की हक्क गेला. मग अमेरिकी डिस्क विका आणि क्रमांक जुळणारी घ्या. सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) तुमच्या खात्यात आहे म्हणून ती नव्या डिस्कवर आपोआप चालेल असं समजू नका, वेगळ्या विभागाची सेव्ह पुष्कळदा ओळखली जात नाही. शंभर तासांचा खेळ झाला असेल तर आधी हे तपासा, मग डिस्क हातची सोडा.

दुसरी वाट म्हणजे त्याच कन्सोलवर अमेरिकेचं वेगळं खातं काढायचं, डॉलरचं गिफ्ट कार्ड टाकून तिथून डीएलसी घ्यायचं, त्या खात्यावर कन्सोल शेअरिंग चालू करायचं आणि खेळायचं आपल्या खात्यावरून. हे चालतं. पण खातं राहत्या देशाचं असावं असं सोनीच्या अटींत आहे आणि डॉलरच्या कार्डावर मध्यस्थाचा नफा चढतो. एका डीएलसीसाठी एवढा खटाटोप आम्ही करणार नाही.

मुलाला गेम डिस्कवर घेऊन द्यावा की डिजिटल? दुकानदार म्हणतो डिस्क, मुलगा म्हणतो डिजिटल.
— पालक, जयसिंगपूर

या एका बाबतीत दुकानदाराचं ऐका. कन्सोलला डिस्क ड्राइव्ह असेल तर, अर्थात.

समजा, गेम ४,९९९ चा आहे. दुकानात घासाघीस करून ४,५०० ला मिळाला आणि दोन महिन्यांनी कथा संपवून ३,००० ला विकला, तर खर्च १,५०० झाला. डिजिटल पूर्ण भावानं घेतला तर ४,९९९ गेले ते गेले. सेलची वाट बघितली तर आठ-दहा महिन्यांनी निम्म्यात येईलही, पण वर्गातल्या पोरांचा तोवर खेळून झालेला असतो आणि खरं भांडण तिथंच आहे. हा फायदा फक्त कथा असलेल्या गेमला. फुटबॉल किंवा क्रिकेटच्या वार्षिक गेमची डिस्क पुढची आवृत्ती आली की मातीमोल होते, आणि जो गेम तीन वर्षं रोज खेळायचा त्याची डिस्क रोज घालत-काढत बसण्यात अर्थ नाही.

डिस्क घेतली म्हणजे डाउनलोड वाचतो, हा मात्र गैरसमज आहे. गेम सगळाच्या सगळा कन्सोलवर उतरतो, डिस्क नंतर नुसती किल्ली म्हणून लागते, आणि पहिल्याच दिवशी काही जीबींचा पॅच (दुरुस्तीचा डाउनलोड) येतो. पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबीपैकी वापरायला ६६७ जीबीच मिळतात, त्यामुळे जागा दोन्हीकडे सारखीच जाते. पीसीसाठी डबा घेत असाल तर आत डिस्क असेलच असं नाही. पुष्कळदा नुसता कोड छापलेला कागद असतो, आणि कोड खरवडला की तो डबा पुन्हा विकता येत नाही.

सेकंडहँड घेताना डिस्क उजेडाखाली तिरकी धरा. मधल्या छिद्रापासून बाहेर जाणारे ओरखडे बहुधा चालून जातात, गोल फिरणारे ओरखडे वाईट. दुकानातच कन्सोलवर लावून गेम शेवटपर्यंत इन्स्टॉल होतो का बघा, कारण खराब डिस्क अर्ध्यावर अडकते. आतला बोनसचा कोड आधीच वापरलेला असणार हे धरून भाव करा.

मुलगा शिकायला जर्मनीला चाललाय. स्टीमवर आणि पीएस५ वर त्याचे बरेच गेम आहेत. ते तिथं चालतील ना?
— पालक, राजारामपुरी

चालतील. स्टीमवर घेतलेले गेम खात्यात राहतात. काही मोजक्या गेमवर विभागाचं बंधन असतं, ते खरेदीच्या वेळीच लिहिलेलं असतं. तिथं पोचून जर्मन बँकेचं कार्ड हाती आलं की खात्याच्या तपशिलात जाऊन दुकानाचा देश बदलायचा आणि त्या कार्डानं एक खरेदी करायची. वॉलेटमध्ये उरलेले रुपये युरोत रूपांतरित होतात. त्यानंतर भाव जर्मनीचे, म्हणजे महाग. तेव्हा हवे ते दोन-चार गेम निघण्यापूर्वीच घेऊन ठेवायला सांगा. जर्मनीत राहून भारतीय कार्डानं रुपयांत घेत राहणं हे नियमाविरुद्ध आहे.

प्लेस्टेशनचं वेगळं. तिथं खात्याचा देश एकदा लिहिला की बदलता येत नाही. जुनं खातं भारतीयच राहील, गेम चालतील, पैसे मात्र भारतीय कार्डानं किंवा रुपयांच्या गिफ्ट कार्डानंच भरावे लागतील. जर्मन खातं काढलं तर ते वेगळं घर, ट्रॉफ्या आणि गेम तिकडे येत नाहीत.

निन्टेन्डोचा स्विच २ कन्सोल जपानमध्ये बराच स्वस्त आहे म्हणे. ओळखीचा माणूस टोकियोत आहे. मागवू का?
— वाचक, गडहिंग्लज

स्वस्त आहे तो फक्त जपानी भाषेचा नमुना, २०२५ मध्ये बाजारात आला तेव्हा ४९,९८० येन. त्याची भाषा बदलता येत नाही आणि त्यावर जपान हा देश लावलेलंच निन्टेन्डो खातं चालतं. सगळ्या भाषांचा नमुना तिथंच ६९,९८० येनला लावला गेला. वीस हजार येनचं हे अंतर मुद्दाम ठेवलं होतं, बाहेरच्या लोकांनी स्वस्त माल उचलून नेऊ नये म्हणून. तशातच २५ मार्च २०२५ पासून जपानच्या ईशॉपनं (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानानं) परदेशी कार्डं आणि परदेशी पेपाल खाती घेणं बंद केलं.

सर्व भाषांच्या स्विचवर खात्याचा देश बदलता येतो, पण शिल्लक रक्कम खात्यात असताना बदलत नाही. डॉलरचं गिफ्ट कार्ड अमेरिकेच्या दुकानापुरतंच, येनचं जपानपुरतं. हिशेब करताना कार्डाचा भुर्दंडही धरा. ६९.९९ डॉलरचा गेम, डॉलर ९० रुपये धरला तर ६,२९९. बँकेनं ३.५ टक्के परकीय चलन शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की आणखी २६० रुपये.

निन्टेन्डोकडे डबा आणि डिजिटल यांचे भावही काही देशांत वेगळे आहेत. मारिओ कार्ट वर्ल्ड युरोपात डिजिटल ७९.९९ युरो आणि डब्यातला ८९.९९. जपानात ८,९८० आणि ९,९८० येन. अमेरिकेत मात्र दोन्हीला ७९.९९ डॉलर. डबा घेताना पुढच्या बाजूला ‘गेम-की कार्ड’ लिहिलेलं नाही ना बघा. त्या कार्डात गेम नसतो, सगळा डाउनलोड करावा लागतो. पुनर्विक्री होते एवढंच समाधान.

पीएस५ भारतात एवढा महाग का? दुबईहून आणला तर?
— वाचक, कागल

२ फेब्रुवारी २०२१ ला पीएस५ भारतात आला तो ४९,९९० ला. अमेरिकेत ४९९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ३६,४००. त्यावर २० टक्के सीमाशुल्क, त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी चढवला तर आकडा ५२ हजारांच्या पुढे जातो. शुल्क किरकोळ किमतीवर नाही, आयातीच्या किमतीवर लागतं, म्हणून छापील भाव त्याहून थोडा खाली राहिला. महागाईचं मूळ करात आहे, दुकानदारात नाही.

दुबईचा कन्सोल आपल्या विजेवर चालतो. पिन चौकोनी असते, पण दोन छिद्रांची आठच्या आकड्यासारखी साधी वायर बदलली की झालं. वॉरंटी मात्र घेतलेल्या देशापुरती. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: गेमना विभाग नसला तरी सिनेमांच्या ब्लू-रे डिस्कना असतो. भारत ‘सी’ विभागात, आखात ‘बी’मध्ये. भारतात घेतलेली ‘सी’ विभागाची ब्लू-रे त्या कन्सोलवर लागणार नाही. ४के ब्लू-रेला ही अडचण नाही.

अमेरिकेतली बहीण मला वाढदिवसाला गेम देणार आहे. डबा पाठवू की स्टीमवरून, असं विचारते.
— वाचक, ताराबाई पार्क

डबा नको म्हणा. ‘भेट’ म्हणून आलेल्या पार्सलला पूर्वी पाच हजारांपर्यंत सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वाचली. डिस्क पुन्हा अमेरिकी क्रमांकाची, म्हणजे वरच्या कसबा बावड्याच्या पत्रासारखी गत.

स्टीमवर गेम थेट भेट देताना दोन देशांच्या किमतींत मोठी तफावत असेल तर स्टीम अडवू शकतं. त्यापेक्षा ताईंनी स्टीमचं डिजिटल गिफ्ट कार्ड द्यावं. रक्कम तुमच्या वॉलेटमध्ये रुपयांत जमा होते आणि गेम तुम्ही भारतीय भावानं घेता, म्हणजे त्याच डॉलरांत जास्त येतं. त्यासाठी तुम्ही दोघं स्टीमवर किमान तीन दिवस मित्रयादीत असायला हवं. वाढदिवस परवावर असेल तर आजच विनंती पाठवून काही उपयोग नाही.

प्लेस्टेशनवर कार्ड नाकारलं जातं. खात्यात पैसे आहेत.
— वाचक, उद्यमनगर

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ व्यवहार चालू आहे का बघा. मार्च २०२० पासून नवीन कार्डावर हे दोन्ही बंदच येतात, आपण चालू करावे लागतात. चालू करून मर्यादाही वाढवा, कधीकधी ती शून्यावर असते. तरीही नाही झालं तर पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, खातं काही काळ अडतं. रुपयांचं प्लेस्टेशन गिफ्ट कार्ड घ्या आणि कोड टाका. कोड घेताना त्यावर भारत लिहिलेलं बघा, दुसऱ्या देशाचा कोड तुमच्या खात्यात जमा होत नाही आणि खरवडलेला कोड कुठलाही दुकानदार परत घेत नाही.